जेवायला तीन वाजता बस

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची, वय २६. पुण्यात आयटीतली नोकरी सांभाळत स्पॅनिश ए-टू पातळीपर्यंत शिकले आणि सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून वर्षभराच्या कोर्ससाठी स्पेनमध्ये, सालामांकाला आले. सत्तरीच्या एका सेन्योराकडे (इथे बाईंना असंच म्हणतात) जेवणासकट खोली घेतली आहे. वर्ग नऊ ते एक. चाचण्यांत मार्क चांगले पडतात, पण रविवारी सेन्योराची मुलगी आणि जावई जेवायला आले की त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. मी नुसती हसत बसते आणि लवकर खोलीत जाते. एरवी उशिरा जेवायची सवय नसल्याने सेन्योरा माझं ताट सव्वा वाजता आणि रात्री साडेसातला वेगळं वाढते. दुपारी आईशी फोन, मग अभ्यास. वर्गातल्या मुली आपापसात इंग्रजीतच बोलतात. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. पण ‘मांस नको’ सांगितलं की सॅलडमध्ये ट्यूना असतो. थंडी आणि अंधार अंगावर येतो, अधूनमधून रडू फुटतं. मे महिन्यात डेले ही स्पॅनिशची बी-टू पातळीची परीक्षा द्यायची आहे आणि बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय. खासगी शिकवणी लावू, माद्रिदला मराठी मैत्रिणींच्या फ्लॅटवर राहायला जाऊ, की सरळ परत येऊ?
ता.क. इंडक्शनवर चालणारा कुकर भारतातून मागवू का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस. सेन्योरा तुझं ताट सव्वा वाजता वेगळं वाढते. तिनं ते मायेनं केलं आणि तूही तिला त्रास नको म्हणून मान्य केलंस. पण माझ्या मते तुझ्या बहुतेक अडचणी या वेगळ्या ताटापासून सुरू होतात.

स्पेनमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारी अडीच-तीनला असतं. घरातली माणसं कामावरून येतात, टीव्हीवर बातम्या लागतात, पहिलं वाढणं, दुसरं वाढणं, मग फळ, मग कॉफी. जेवण संपल्यावर कुणी लगेच उठत नाही. अर्धा-पाऊण तास तिथेच बसून गप्पा चालतात. कोण आजारी आहे, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, ऑलिव्ह तेल किती महाग झालंय, सरकार काय करतंय, सगळं याच टेबलावर निघतं. बी-टूच्या परीक्षेत जे संवाद ऐकवतात, ते याच जातीचे असतात. आणि तू त्या वेळी खोलीत दार लावून आईशी बोलत असतेस, कारण स्पेनमध्ये अडीच वाजतात तेव्हा सांगलीत सात वाजलेले असतात, आई दिवाबत्ती करून निवांत झालेली असते. यात तुझी चूक काहीच नाही. दोन घरांच्या वेळा एकमेकींवर आल्या आहेत, एवढंच.

तेव्हा पहिला बदल अभ्यासात करू नकोस, जेवणाच्या वेळेत कर. एकदम तीनवर उडी मारलीस तर पित्त होईल. दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा तास पुढे सरक. इथली माणसं तीनपर्यंत उपाशी राहतात असंही नाही. अकरा-साडेअकराला सगळं गाव कॉफीला बाहेर पडतं. तुझ्या मधल्या सुट्टीत जवळच्या बारमध्ये जा (लहान मुलं आणि आज्याही तिथेच नाश्ता करतात, आपल्याकडच्या बारचं चित्र डोळ्यांसमोर आणू नकोस) आणि कॉफीबरोबर तोर्तियाचा एक तुकडा घे. बटाटा आणि अंडं पोटात गेलं की तीनपर्यंत काही होत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला काहीतरी खा, आणि रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला सेन्योराबरोबर हलकंसं घे.

आईच्या फोनची वेळ बदलावी लागेल. साडेचारला केलास तर तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील, जेवणं उरकलेली असतील. रविवारी सकाळी अकराला कर. तिकडे दुपारचे साडेतीन, दोघांचीही वामकुक्षी झालेली असेल, बाबाही बोलतील. मार्चच्या शेवटच्या रविवारी स्पेनची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो, तेव्हा आईला आधीच सांगून ठेव. फोन कमी कर असं मी म्हणत नाही. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीला आईचा आवाज लागतोच. फक्त तो आवाज तीनच्या जेवणावर यायला नको.

आता टेबलावर बसल्यावर काय करायचं, ते सांगते, कारण तिथेच तुझं घोडं अडतं. स्पेनमध्ये तिघं-चौघं एकाच वेळी बोलतात. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करतो आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलीस तर ती येणारच नाही. सगळं समजलं पाहिजे हा हट्ट सोड. एकच धागा पकड आणि त्याबद्दल एवढंच विचार: कोण? कधी? मग काय झालं? प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळे वळतात आणि त्याला समजेल अशा बेताने सांगू लागतात. दुसरं म्हणजे रोज एक गोष्ट टेबलावर घेऊन जा. सकाळी बसमध्ये काय झालं, दुकानात काय ऐकलं, पाच-सहा वाक्यं पुरेत, पण भूतकाळात सांग. वर्गात घोटलेले ते दोन भूतकाळ इथे खऱ्या अर्थाने कामाला लागतील.

येत्या रविवारी हा प्रयोग करून बघ. सकाळी सेन्योराला म्हण, आज तोर्तिया मला शिकवा. ती बटाटे सोलायला देईल. चकत्या पातळ हव्यात, तेल भरपूर हवं आणि आच मंद. बटाटा तळायचा नसतो, तेलात मऊ शिजवायचा असतो, आणि तुझी आच मोठी दिसली की ती येऊन कमी करील. मग बटाटा निथळून फेटलेल्या अंड्यात घालायचा, थोडा वेळ तसाच मुरू द्यायचा, आणि शेवटी तव्यावर ताट उपडं ठेवून एका झटक्यात उलटायचं. या उलटण्याच्या वेळी ती काय काय बोलेल ते नीट ऐक. आज्ञार्थ शिकवायला कुठलंही पुस्तक त्याच्या जवळपास जात नाही. मग मुलगी-जावई जेवायला बसले की फक्त विचार: तोर्तिया कांदा घालून, की कांद्याशिवाय? ‘कोन थेबोया ओ सिन थेबोया?’ या प्रश्नावर अख्ख्या स्पेनमध्ये दोन तट आहेत. अर्धा तास कुणी गप्प बसणार नाही, आणि विषय तुझ्या हातून गेलेल्या पदार्थाचा असल्यामुळे तुला पुष्कळसं कळेल.

सेन्योराला काय म्हणायचं हा संकोचही तुला असावा, असं पत्रावरून वाटलं. सुरुवातीला ‘उस्तेद’च बरं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. तिनं ‘तू’ (स्पॅनिशमध्येही ‘तू’च) म्हण असं सांगितलं असेल तर मात्र बिनधास्त ‘तू’ म्हण. आपणही आईला, आजीला अगंतुगंच करतो. तिथे आदर कमी होत नाही, तसाच इथेही होत नाही.

खासगी शिकवणी लावू नकोस. तुला आणखी व्याकरण नको आहे. तुझं गाव व्याकरणाचं माहेरघरच आहे. विद्यापीठ १२१८ सालचं, आणि नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये याच सालामांकात प्रसिद्ध केलं. पण डेलेच्या गुणांचा हिशेब समजून घे. बी-टूला चार भाग दोन गटांत बांधलेले असतात. वाचन आणि लेखन एका गटात, ऐकणं आणि बोलणं दुसऱ्या गटात. प्रत्येक गट ५० गुणांचा, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान ३० हवेत. वाचन-लेखनात ४८ मिळाले तरी ऐकण्या-बोलण्यात २८ असतील तर निकाल नापास. म्हणजे तुझी मजबूत बाजू कच्च्या बाजूला हात देऊ शकत नाही. शिकवणीला जाणारे पैसे वाचव आणि तो वेळ माणसांत घाल. मेच्या परीक्षेची नावनोंदणी बऱ्याच आधी बंद होते, तेवढी तारीख आजच बघून ठेव.

वर्गातल्या मुलींबद्दल माझा सल्ला थोडा रोखठोक आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घोळक्याशी भांडू नकोस, पण रोज त्यांच्याबरोबर बसूही नकोस. वर्गात एखादी जपानी, कोरियन किंवा ब्राझिलियन मुलगी असेल तर तिच्याशी गट्टी कर. तिचं इंग्रजी कच्चं असलं तर तुम्हा दोघींना स्पॅनिशशिवाय गत्यंतर राहणार नाही. आणि तूही मनात इंग्रजीतून भाषांतर करणं थांबव, मराठीतून कर. ‘मला द्राक्षं आवडतात’ आणि ‘मे गुस्तान लास उवास’ यांची बांधणी एकच आहे. क्रियापद द्राक्षांप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजी बोलणारी मुलं इथे महिनोन्‌महिने अडखळतात. आपले त आणि द सुद्धा स्पॅनिशला जसेच्या तसे चालतात.

जेवणातल्या ट्यूनाचं कारण बहुधा तुझ्या सेन्योराच्या वयात आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, मासा चालतो. त्या पिढीच्या मनात मांस नाही म्हणजे मासा आहे, असं पक्कं बसलेलं असतं. हामोन, म्हणजे खारवून सुकवलेली डुकराची मांडी, तर अनेकांच्या लेखी मांसात मोडतच नाही, ती चवीसाठीची वस्तू. म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणू नकोस. नावं घेऊन सांग: ‘नो कोमो नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन. वेवोस ई केसो, सी.’ म्हणजे मांस, मासा, हामोन खात नाही; अंडी आणि चीज चालतं. ट्यूनाचं स्पॅनिश नाव ‘आतून’ वेगळं घे, कारण डब्यातला ट्यूना लोक मासा म्हणून मोजतात याची खात्री नाही. सूप समोर आलं की ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचार, बहुतेक वेळा हाडांच्या. क्रोकेतास दिसायला बटाटेवड्यासारखे असले तरी आत बहुधा हामोन असतो. नाताळात मिळणाऱ्या पोल्व्होरोन आणि मान्तेकादो या मिठायांत डुकराची चरबी असते, हे आधी कुणी सांगत नाही आणि नंतर कळलं की मन खातं. तुझ्यासाठी पिस्तो आहे, भाज्या शिजवून वर अंडं. उन्हाळा आला की गास्पाचो, टोमॅटोचं थंड सूप. उपवासकाळातल्या शुक्रवारी ती हरभरे आणि पालक यांचं पोताहे करत असेल. त्यात बाकालाव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, पडतो. तो पडायच्या आधी तुझी वाटी बाजूला काढायला सांग. पदार्थ न बदलता तुझी सोय होते, आणि तिलाही रोज नवं काय करू हा घोर राहत नाही.

सालामांकाची कडधान्यं ही तुझ्यासारखीला मिळालेली देणगीच आहे. शहराच्या उत्तरेला ला आर्मुन्याचा सुपीक पट्टा आहे, तिथली मसूर स्पेनभर नावाजलेली. आणि पेद्रोसियोचे हरभरे बारीक, गोल, गुळगुळीत, शिजल्यावर साल न सोडणारे. तुझी उसळ त्यांची उत्तम होईल. प्लाथा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मेर्कादो सेंत्राल ही मंडई आहे, तिथे सुटे मिळतात.

आणि मंडईत, फ्रुतेरियात (फळांच्या दुकानात) रोज जा. आठवड्याचं सामान सुपरमार्केटमधून एकदम आणणं सोयीचं आहे, पण तिथे यंत्रापुढे उभं राहून एक शब्दही न बोलता बाहेर पडता येतं. फ्रुतेरियात रांग दिसत नाही, बायका इकडेतिकडे उभ्या असतात. आत शिरताना मोठ्याने विचारायचं, ‘कियेन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी ‘यो’, म्हणजे मी, म्हणेल. तिच्यानंतर तू. मग पुढच्या माणसाने विचारलं की ‘यो’ तू म्हणायचं. फळांना हात लावायचा नाही, दुकानदार काढून देतो: ‘पोंगामे मेदियो किलो’, अर्धा किलो द्या. तो विचारेल, खरबूज आजसाठी हवंय की उद्यासाठी, आणि त्याप्रमाणे दाबून, वास घेऊन निवडून देईल. त्याच दुकानात त्याच वेळी जात राहिलीस की पंधरवड्यात तो तुला ओळखेल, चार दिवस दिसली नाहीस तर विचारेल, भारतात आंबा कधी येतो ते विचारेल. अशी दोन-तीन ठिकाणं ठरव. फळवाला, सकाळचा बार, आणि कासा दे लास कोंचास, भिंतीवर दगडी शिंपले कोरलेली ती इमारत. तिथे सार्वजनिक वाचनालय आहे, आणि तुझा दुपारचा अभ्यास खोलीत करण्यापेक्षा तिथे कर.

रडू येतं म्हणालीस. ते वाचून वाईट वाटलं, आणि त्यात नवल वाटलं नाही. हे शहर आठशे मीटर उंचीवर आहे, कोरडी थंडी आहे, रात्री पारा शून्याखाली जातो. शिवाय स्पेन आपल्या जागेच्या मानाने पुढचं घड्याळ वापरतो, त्यामुळे जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि तू अंधारातच घरातून निघतेस. सांगलीच्या उन्हात वाढलेल्या जिवाला हे जड जाणारच. दिवस मात्र आता भराभर मोठे होतील, जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. तोवर उजेड आहे त्या वेळात बाहेर राहा. संध्याकाळी सात-आठला खोलीत बसू नकोस. त्या वेळी सगळं गाव नटूनथटून फिरायला निघतं, प्लाथा मायोरला चकरा मारतं. कुणाला भेटायचं असेल तर चौकातल्या घड्याळाखाली भेटायचा रिवाज आहे. सेन्योराबरोबर जा, ती बहुधा जातच असेल. पुण्यात असताना सह्याद्रीत ट्रेक केले असशील, तर इथल्या डोंगर भटकणाऱ्या मंडळींत नाव घाल. दक्षिणेला सिएर्रा दे फ्रांसिया आहे, बेहारचे डोंगर आहेत. चालताना बोलणं सोपं जातं, कारण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही आणि मधली शांतता अवघड वाटत नाही.

एवढं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर ती भाषेची अडचण नव्हे. तुझ्या विम्यातून डॉक्टरांकडे जा, किंवा आपल्याकडच्या मराठी समुपदेशकाशी व्हिडिओवर बोल. स्वतःच्या भाषेत रडायला मिळालं पाहिजे.

माद्रिदला राहायला जाऊ नकोस. मैत्रिणी आहेत हे उत्तमच आहे. जलद रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत पोहोचतेस, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जा, पोहे खा, मनसोक्त मराठी बोल. पण त्या फ्लॅटवर मुक्काम हलवलास तर घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि स्पॅनिश फक्त पाट्यांवर उरेल. शिवाय पत्ता बदलला की नगरपालिकेतली नोंद, कागदपत्रं, नवा कोर्स शोधणं हे सगळं परीक्षेच्या तोंडावर निस्तरावं लागेल.

परत येण्याचा निर्णय आत्ता, फेब्रुवारीत, घेऊ नकोस. तुझं तिथलं वास्तव्य कोर्सवर उभं आहे, तो सोडलास की ते संपतं आणि पुन्हा सगळा व्हिसा पहिल्यापासून. ईस्टर होऊ दे. त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सालामांकात ‘लुनेस दे आगुआस’ असतो, सारं गाव तोर्मेस नदीकाठी गवतावर डबे उघडून बसतं. त्यांचा ओर्नाथो हा भाजलेला पाव मांसाने भरलेला असतो, तू तुझी तोर्तिया ने. तोपर्यंत बदललेल्या वेळा तुझ्या अंगवळणी पडलेल्या असतील आणि रविवारच्या टेबलावर फरक पडला की नाही, हे तुला स्पष्ट कळेल. नसेल पडला आणि जीव रमत नसेल, तर ये. तुला कुणी नावं ठेवणार नाही, निदान मी तरी नाही. बाबांना मात्र आजच खरं सांग. कर्ज त्यांनी काढलंय म्हणून तू रोज ‘मजेत आहे’ म्हणतेस, असा माझा अंदाज आहे. मुलगी मजेत नाही हे बापाला आवाजावरून कळतं, मग तोही तिकडे एकटाच काळजी करत बसतो. त्यांना म्हण, अवघड जातंय, मी हे हे करून बघतेय, आणि ईस्टरनंतर आपण तिघं मिळून ठरवू.

ता.क.चं उत्तर: कुकर मागवू नकोस. बहुतेक स्पॅनिश घरांत ‘ओया एक्स्प्रेस’ असतो, सेन्योराला विचार. नसेल तर तिथेच घे. भारतातून मागवताना चुकून साधा ॲल्युमिनियमचा आला तर तो इंडक्शनवर तापतच नाही. त्यांच्या कुकरला आपल्यासारख्या शिट्ट्या नसतात. वरची खूण उठली की आच कमी करून मिनिटं मोजायची. पेद्रोसियोचे हरभरे रात्रभर भिजवले असतील तर साधारण वीस मिनिटं लागतात. गोडा मसाला मात्र आईकडून मागव, आणि उसळ पहिल्यांदा करशील तेव्हा सेन्योरालाही अर्धी वाटी वाढ, तिखट अगदी बेताचं घालून.

तुझी,
ताई